तो दिवस रोह्याच्या मॅडमकडे आहे

माझ्या नवऱ्याने माझ्याआधी एक मुलगी बघितली होती. रोह्याची. चहा-पोह्यांचा कार्यक्रम झाला, पत्रिका जुळली, सासूबाईंनी मनातल्या मनात साड्यासुद्धा ठरवून टाकल्या, आणि मग रोह्याहून निरोप आला की मुलीला नोकरी करायची आहे, मातीकामाच्या घरात द्यायची नाही. म्हणजे नकार तिकडून आला. हे मला सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, मनात काही वाईट न ठेवता. मी पेणजवळच्या गडब गावची, भातशेतीवाल्या घरातली, डी.एड. झालेली. "तू पण बरी मिळालीस गो," असंही त्या वर म्हणाल्या. त्यातला तो 'पण' मला पुढे कितीतरी दिवस पुरला.

बोलताना मी नवऱ्याला अहो-जाहो करते, पण मनात कायम अरे-तुरेच चालतं, म्हणून इथेही तसंच लिहिते. पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हटलं की बाहेरच्या माणसांना यंत्रं आठवतात. आमच्याकडे घरामागे एक लांबट शेड आहे, तिच्यात फळ्यांच्या मांडण्या आणि त्यांवर ओळीने बसलेले शाडूचे गणपती. मी आठवडाभर जवळच्या जिते गावच्या शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मुकुटांना, बाजूबंदांना सोनेरी रंग लावते. डोळ्यांची आखणी मात्र फक्त तो करतो. त्या वेळी शेडमध्ये कुणी थांबायचं नाही, हाक मारायची नाही, मारली तरी तो ओ देणार नाही. बारीक कुंचला हातात घेतला की माणूस घरातून उठून गेल्यासारखा होतो.

काही वर्षांपूर्वी एक बाई नवऱ्याबरोबर गणपती ठरवायला आल्या. मी ओळखायचा प्रश्नच नव्हता. सासूबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि आत येऊन मला हळूच म्हणाल्या, "रोह्याची हाय ती. ती नाय का!" मी बाहेर येऊन नीट बघून घेतलं. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ती सेफ्टी ऑफिसर होती. गॅस गळला तर काय करायचं, पडलेल्या माणसाला कसं उचलायचं, हे कामगारांना शिकवायचं तिचं काम. कंपनीत सगळे तिला मॅडम म्हणत. पहिल्या दिवसापासून माझा नवराही तिला मॅडम म्हणायला लागला. पंचवीस पोरांना पाढे शिकवते मी, मला सगळं पेण 'बाई' म्हणतं, आणि मॅडम ती.

तिला दरवर्षी आमच्याकडचाच गणपती लागायचा. ज्येष्ठात यायची ठरवायला, आणि श्रावणात पुन्हा यायची, आखणी कशी होते ते बघायला. आणि तो तिला बघू द्यायचा! ती त्याच्या कोपराशी उभी, तो भुवई ओढतोय, मध्येच थांबून तिला विचारतोय, "नजर जरा खाली हवी का?" एकदा मी चहा घेऊन गेले तर मान वर न करता म्हणाला, "सावली पडते गो, जरा बाजूला हो." तिची सावली बहुतेक पडत नसावी.

त्यांच्यात काही होतं असं मला वाटत नव्हतं. तिचा नवरा भला माणूस, माझा नवरा भला माणूस, आणि ती तर इतकी सरळ की तिच्याशी तिरकं बोलायलाही जागा मिळत नसे. काही असतं तर मी कंबर कसून भांडले असते. नव्हतं, म्हणून नुसती जळत राहिले. ती गेल्यावर कपबश्या जरा जोरात घासल्या जायच्या, एवढंच.

ज्या वर्षाचं सांगायचं आहे त्या वर्षी श्रावणातही पाऊस हटेना. शाडूची मूर्ती पावसाळ्यात वाळता वाळत नाही. आणि तिला घाई करून भागत नाही. एका बाजूने वारा लागला की ती बाजू आधी सुकते आणि तडा जातो. म्हणून आम्ही शेडला चहूबाजूंनी प्लास्टिक बांधतो, वाऱ्याला फट ठेवत नाही, आणि आत कोळशाच्या शेगड्या पेटवून मंद ऊब देतो. सासऱ्यांच्या काळापासून हीच रीत. फरक एवढाच की सासऱ्यांच्या वेळी शेडवर कौलं होती, त्यांच्या फटींतून वर काय जायचं ते जायचं. आम्ही ती काढून पत्रे घातले होते, आणि त्या वर्षी गळतं म्हणून पत्र्यांचे सांधेही डांबराने बुजवले. शेड अगदी कोरडी झाली. नवरा चार लोकांना कौतुकाने दाखवत होता.

रविवार होता. दुपारी मी हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत होते, तेवढ्यात ती रोह्याच्या गाडीने आली, एकटीच. छत्री दाराशी उघडी ठेवली, सासूबाईंच्या पाया पडली. मी शेडच्या बाजूला तोंड करून हाक मारली. ओ आली नाही.

"आखणीला बसलेत," मी म्हटलं. "आता नाय बोलायचे. तुम्ही चहा घ्या."

तिने कप उचलला आणि सहज विचारलं, "पाऊस एवढा, मूर्ती वाळवता कशा?"

"शेगड्या पेटवल्यात की."

"आत? प्लास्टिक बांधलेलं असताना?"

तिने कप कुठे ठेवला ते मला दिसलं नाही. मी हात पुसेपर्यंत ती मागच्या दारातून बाहेर पडली होती. मीही धावले, खरं सांगायचं तर ती माझ्याआधी तिथे पोचू नये म्हणून. तिने शेडच्या दाराचं प्लास्टिक वर उचललं. शेवटच्या मांडणीखाली मला त्याचा पाय दिसला. चप्पल एकीकडे, पाय एकीकडे.

मी आत घुसणार तोच तिने माझा दंड धरून मला मागे ओढलं. असं ओढलं की मी ओल्या पायरीवर आपटले.

"आत नाय जायचं! तुम्ही पण पडाल!"

"सोडा मला! नवरा हाय माझा!" मी ओरडले. आणखीही बरंच ओरडले, ते लिहिण्यासारखं नाही. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"कोयता आणा," ती म्हणाली.

मी कोयता आणला. माझ्याच घरात, माझाच नवरा समोर पडलेला, आणि मी तिच्या हुकमावर पळत होते. तिने बाहेरून शेडच्या दोन्ही अंगांचं प्लास्टिक वरपासून खालपर्यंत फाडलं. वारा आरपार शिरला, पाऊस शिरला, एक मांडणी कलली आणि ओळीने बसलेले गणपती खाली आले. सासूबाई "देवा, देवा" करत होत्या. ती मात्र तशीच उभी. आतली हवा बाहेर पडायची वाट बघत होती, हे तिने नंतर सांगितलं. तेव्हा मला वाटलं, ही माझ्या नवऱ्याला मरू देते आहे. मग तिने छाती भरून श्वास घेतला, तोंड मिटलं आणि आत गेली. त्याच्या काखेत हात घालून त्याला उंबऱ्यापर्यंत ओढलं, तिथून मी पाय धरले. "कंपनीत कोणी असं बिनमास्कचं आत गेलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता," असं ती पुढे कितीदा तरी हसत म्हणाली. सगळ्यांना त्याचं कौतुक. मला ते वाक्य अजून आवडत नाही. दुसऱ्यांना शिकवलेला नियम तिने माझ्या नवऱ्यासाठी मोडला, आणि तो मोडायचा मान मला मिळू दिला नाही.

पडवीत त्याला आडवा केला. तिने गळ्याला बोटं लावली, नाकाशी गाल नेला. "एकशे आठला फोन करा. ठोका नाय लागत." मग गुडघ्यावर बसून तिने छाती दाबायला सुरुवात केली, मोठ्याने मोजत. शेजारी जमले. मोजता मोजता थांबली, त्याची हनुवटी वर केली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास फुंकला.

नवरा समोर मेल्यासारखा पडलेला, आणि मला तिच्या ओठांचा राग आला. भीती होतीच, पण त्या भीतीतूनही तो राग आरपार वर आला. सासूबाईंसमोर, शेजाऱ्यांसमोर, माझ्यासमोर. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही घरात कुणाच्या देखत एकमेकांच्या हाताला हात लावला नव्हता.

तिचे हात थकायला लागले तशी तिने मान वर केली. "वहिनी, या. आता तुम्ही."

"मला नाय येत."

"येतंय. तळवा इथं. कोपर वाकवू नका. जोरात. अजून जोरात, दुखेल म्हणून सांभाळू नका."

मी दाबलं. माझ्या तळव्याखाली काहीतरी कट्‌कन वाजलं आणि मी हात काढून घेतले. "बरगडी असेल. मोडू दे, दाबा," ती म्हणाली. मी दाबत राहिले. ती श्वास द्यायची, मी दाबायचे, मग ती दाबायची. कितीदा, ते मला माहीत नाही. गाडी आली. गाडीतल्या डॉक्टरांनी छातीला पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांना लांब केलं, आणि त्याचं अंग उडालं. पुन्हा एकदा. मग डॉक्टर म्हणाले, "लागला." त्यांनी ते तिच्याकडे बघून सांगितलं.

पुढे पनवेलच्या पलीकडचा मोठा दवाखाना, नळ्या, ऑक्सिजन. कोळसा बंद जागेत जळला की त्यातून असा गॅस निघतो ज्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात बसतो आणि हवेला जागा ठेवत नाही, हृदयही त्यानेच बंद पडलं, असं डॉक्टरांनी समजावलं. बऱ्याच दिवसांनी त्याने डोळे उघडले आणि पहिलं विचारलं ते, "शेगड्या विझवल्या काय?" तो दिवस मात्र त्याच्या डोक्यातून पुसला गेला होता. त्याच्या आधीचे पंधरवड्याचे दिवसही. "ते आता परत यायचे नाहीत. घरचे सांगतील तेवढेच," डॉक्टर म्हणाले.

ते वाक्य मी पदरात बांधून घेतलं. वाचवायचा मान तिला गेला, गेला. पण ते दिवस आता माझ्याकडे होते. तो विचारेल आणि मी सांगेन. रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून मी मनातल्या मनात सगळं लावून ठेवलं: हाक कशी मारली, पाय कसा दिसला, छाती हाताखाली कशी लागली. मला एवढंच हवं होतं की त्याने एकदा मला विचारावं.

तो घरी आला. सगळ्या पेणभर एकच बोलणं, रोह्याच्या मॅडमनी जीव वाचवला. आमच्या आळीच्या मंडळाने तिला शाल-श्रीफळ दिलं. मी टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, "तिची ओटी भर गो. तुझं कुंकू राखलंय तिनं." मी पाट मांडला. तांदूळ, नारळ, खण, वर चांगली नवी साडी, आणि तिला वाकून नमस्कार. तिने मला मध्येच धरलं आणि मिठी मारली. तिच्या अंगाला चांगल्या साबणाचा वास येत होता. त्याचाही मला राग आला.

नवऱ्याच्या बरगड्या कितीतरी दिवस दुखत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो शर्ट वर करून दाखवायचा. "मॅडमनी मोडल्या. नीट दाबलं म्हणून मोडल्या, डॉक्टरच बोलले." एकदा ती समोर बसलेली असतानाच तो हे सांगत होता, तर ती म्हणाली, "नाय हो, ती वहिनींच्या हाताखाली मोडली. मी ऐकलंय ना." सगळे हसले, माझ्याकडे बघून. माझा मला मिळायचा वाटा तिने असा मोठ्या मनाने देऊन टाकला, जसा काही तो देणं तिच्या हातात होतं. मी आत जाऊन उगाचच डाळ निवडायला घेतली.

आणि तो विचारायचा, पण तिला. ती आली की हमखास. खुर्ची पुढे ओढून, हात मांडीत घेऊन, शाळेतल्या पोरासारखा बसायचा. "मॅडम, परत सांगा ना, कसं झालं?" ती तिच्या कंपनीच्या भाषेत सांगायची. आधी हवा मोकळी केली, मग बाहेर काढलं, मग नाडी बघितली, मग सीपीआर. 'बॉडी', 'रिस्पॉन्स', असे शब्द. माझ्या नवऱ्याला ती 'पेशंट' म्हणायची. पायरीवर मी कशी आपटले ते तिच्या सांगण्यात नसायचं, मी काय ओरडले ते नसायचं. सासूबाई नसायच्या, पातोळ्या नसायच्या. तो मान हलवत ऐकायचा. मी पोहे द्यायचे, रिकाम्या बश्या उचलायचे. त्या खोलीत तो दिवस उघड्या डोळ्यांनी बघितलेलं दुसरं माणूस उभं होतं, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

या ज्येष्ठात ती गणपती ठरवायला आली तेव्हाही तेच झालं. आता शेडला खिडक्या आहेत, तिनेच सांगून बसवून घेतलेला पंखा आहे, खांबावर तिनेच आणून लावलेलं गॅस ओळखायचं यंत्र आहे. शेडमध्ये जाऊन तिने त्याचं बटण दाबून बघितलं, ते किंचाळलं, ती समाधानाने हसली. मग खुर्ची, मग "मॅडम, परत सांगा ना." मी बशी हातात घेऊन दारात उभी राहिले. तिचं सांगून झालं, तिला स्टेशनवर सोडायला तो स्कूटरवरून गेला, परत आला आणि शेडमध्ये माती मळायला बसला. मी त्याच्यामागोमाग गेले.

"मला का नाय विचारत?" मी म्हटलं.

"काय?"

"तो दिवस. मी नव्हते तिथं? मी काय तेव्हा माहेरी गेले होते?" एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. "ती येते, सांगते, तुम्ही ऐकता. दोन वर्षं झाली. पहिल्या स्थळाने जीव वाचवला तर आता तिचीच पूजा मांडा. मी इथली कोण? मी पोहे करणारी. माझ्या हाताखाली बरगडी मोडली तुमची, माझ्या! मला विचारा ना एकदा, मला कसं झालं होतं ते. मला तरी विचारा!"

मला वाटलं तो हसेल, किंवा चिडेल. जळतेस काय, म्हणेल. म्हणाला असता तर मी व्हय म्हटलं असतं. तो मातीच्या गोळ्यात दोन्ही हात तसेच ठेवून बसून राहिला. आखणीचे हात त्याचे. त्या दिवसानंतर किंचित कापतात, पण मातीत असले की कळत नाही.

"मॅडम सांगतात ना," तो हळूहळू म्हणाला, "तेव्हा तिसऱ्याच कुणाचं ऐकतोय असं वाटतं. कंपनीतला कुणी कामगार पडला, त्याला काढला, वाचला. बरं वाटतं ऐकायला. म्हणून परत परत ऐकतो. त्यात मी नसतोच." त्याने गोळ्यात अंगठा रोवला. "तू सांगशील तर तसं नाय व्हायचं. तुझ्या तोंडाकडे बघून मला कळेल. मी खरंच मेलो होतो, हे मला तेव्हा कळेल. ते नको गो मला. मला भीती वाटते."

दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून मी जे सगळं ओळीने लावून ठेवलं होतं ते तसंच्या तसं माझ्या तोंडाशी होतं. एका शब्दाने सुरू झालं असतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर खाली घेतली, आणि मला दिसलं की तो खरोखरच घाबरला आहे, माझ्या तोंडाला.

मग मला रडू आलं. त्या दिवशी आलं नव्हतं, दवाखान्यात आलं नव्हतं, ओटी भरतानाही नाही. त्याने मातीचे हात पुढे केले आणि साडीला लागतील म्हणून मध्येच धरून ठेवले.

"नाय सांगत," मी म्हटलं. "नाय सांगत हो."

पुढच्या वेळी ती येईल तेव्हा त्याची खुर्ची मीच पुढे ओढीन.